अंगठा परत आला आहे

(सिद्धेश्वर येथील प्रौढ साक्षरता वर्गात एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)

आज मी नवा धडा घेणार नाही. पाट्या बाजूला ठेवा. आज जरा बोलू या.

मागच्या आठवड्यात आपल्या वर्गातल्या एका आबांनी मला प्रश्न विचारला. आबांचे वय सत्तरच्या पुढे आहे. बाराखडी पुरी झाली आहे. जोडाक्षरे चालू आहेत. ते म्हणाले, “गुरुजी, राग मानू नका. माझ्या नातवाच्या मोबाइलवर बोट ठेवलं की मोबाइलच वाचून दाखवतो. मराठीत विचारलं तर मराठीत उत्तर देतो. हिशेब तोच करतो. वाट तोच दाखवतो. मग या वयात आम्ही डोळे कशाला फोडायचे? उद्या सगळं यंत्रच करणार म्हणतात. मग माणसाला काय आलं पाहिजे?”

वर्गात हसू झाले. मीही हसलो. पण रात्री मला झोप लागली नाही. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर द्यायला मी आज उभा आहे.

धरण आले तेव्हाची गोष्ट

यंत्राचा काळ आपल्या गावाला नवा नाही. आपल्या डोळ्यांसमोर पूर्णा नदीवरचे धरण आहे. वर येलदरी, खाली आपले सिद्धेश्वर. येलदरीला पाणी पडते, त्यावर वीज होते. तेच पाणी आपल्याकडे येते आणि येथून कालव्याने खाली वसमतकडे, परभणी-नांदेडच्या शिवारात जाते. हे काम १९६८ साली पुरे झाले. मी तेव्हा नुकता शाळेत जाऊ लागलो होतो.

त्या आधी आमच्याकडे पाऊस हाच मालक होता. पाऊस आला तर ज्वारी, नाही तर उपास. कालवा आला आणि सगळे बदलले. पाण्याची पाळी आली. पाण्याचा अर्ज आला. पाणीपट्टीची पावती आली. विजेची मोटार आली. त्याच सुमारास, १९६४ साली, संकरित ज्वारीचे पहिले वाण निघाले होते. खताच्या पोत्यावर अक्षरे आली, औषधाच्या डब्यावर अक्षरे आली. म्हणजे बघा, पाण्याबरोबर कागद आला. ज्याला कागद कळला त्याच्या शेतात पाणी आधी पोहोचले.

माझे वडील अंगठेबहाद्दर होते. त्यांचा दोष नव्हता. निजामाच्या राज्यात कचेरीचा कागद उर्दूत असे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. पुढे कागद मराठीत आला. पण वडिलांना उर्दूही येत नव्हते आणि मराठीही. शेतीत मात्र माणूस एक नंबर. नुसती माती मुठीत धरून वाफसा आहे की नाही ते सांगत.

कालव्याचे पाणी येणार असे ठरले, तेव्हा वडिलांना बैलजोडी घ्यायची होती. एका माणसाकडून पैसे घेतले. दोन एकर जमीन गहाण ठेवतो, असे बोलणे झाले. कागद लिहिला. कुणीतरी तो भरभर वाचून दाखवला. वडिलांनी शाई लावून अंगठा उठवला.

चार वर्षांनी पैसे परत करायला गेले, तेव्हा कळले, तो कागद गहाणखताचा नव्हता. तो खरेदीखताचा होता. जमीन विकली गेली होती. पुढे त्याच दोन एकरांत पाटाचे पाणी फिरले. आम्ही पाणी पाहिले ते दुसऱ्याच्या शेतात.

वडील कुणाला बोलले नाहीत. मला मात्र हाताला धरून शाळेत नेऊन बसवले. म्हणाले, “पोरा, वाचायला शीक. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं आपलं नसतं.”

आबा, तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर माझ्या वडिलांनी तेव्हाच देऊन ठेवले आहे. वाचून दाखवणारा माणूस असो की मोबाइल असो. त्याने काय वाचले, काय गाळले, हे तपासायला आपले डोळे लागतात.

अंगठा परत आला

आपल्या राज्यात १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. मग ती गावोगाव गेली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. तेव्हा कार्यकर्ते सांगत, अंगठा सोडा, सही करा. लोक सही शिकले. आम्हाला वाटले, अंगठा गेला.

पण अंगठा गेला नाही. तो परत आला आहे. आता शाई नाही, कागद नाही. लहानशा यंत्रावर लाल दिवा लागतो. त्यावर अंगठा ठेवायचा. आधार जुळला की पैसे निघतात. रेशन मिळते. अनुदान मिळते.

सोय मोठी आहे, हे मी नाकारत नाही. म्हाताऱ्या माणसाला बँकेपर्यंत हेलपाटा घालावा लागत नाही. पण शाईचा अंगठा निदान दिसत तरी होता. या अंगठ्याने काय लिहिले गेले, ते दिसतच नाही.

आपल्या वर्गातल्या एका आजींची गोष्ट सांगतो. त्यांना विचारून सांगतो. त्यांना निराधार योजनेचे पैसे मिळतात. दर वेळी त्या एका ठिकाणी जात आणि अंगठा देत. तो पोरगा कधी म्हणे, “आजी, अंगठा उमटला नाही, पुन्हा ठेवा.” आजी पुन्हा ठेवत. हातात हजार रुपये येत. आजी आशीर्वाद देऊन घरी येत.

आपल्या वर्गात आजी अंक शिकल्या. एक दिवस त्या तेथे गेल्या आणि म्हणाल्या, “बाळा, पावती दे.” पोरगा म्हणाला, “आजी, तुम्हाला काय करायची पावती?” आजी म्हणाल्या, “शाळेत दाखवायची आहे.”

पावती निघाली. आजींनी ती डोळ्यांजवळ धरली. बोट ठेवून एकेक अंक वाचला. एक, पाच, शून्य, शून्य. मग हातातले पैसे मोजले. म्हणाल्या, “बाळा, इथं दीड हजार लिहिलेत. माझ्या हातात हजारच कसे?”

दुकानात चार माणसे उभी होती. सगळी गप्प झाली. पोरगा म्हणाला, “चूक झाली आजी,” आणि पाचशेची नोट काढून दिली.

बंधुभगिनींनो, आजींनी एक पुस्तक वाचले नव्हते. चार अंक वाचले होते. पण त्या दिवशी त्यांनी तीन गोष्टी केल्या. एक, पावती मागितली. दोन, ती स्वतः वाचली. तीन, चारचौघांत प्रश्न विचारला. उद्याच्या काळात काय आले पाहिजे, असे मला कुणी विचारले तर मी या आजींकडे बोट दाखवीन. यंत्र कितीही नवे निघो. पावती मागणे, वाचणे आणि विचारणे हे जुने होणार नाही.

एक गोष्ट आणखी लक्षात ठेवा. आधारचा अंगठा आपल्याला कुलूप लावून बंदही ठेवता येतो आणि लागेल तेव्हा उघडता येतो. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून ही सोय समजून घ्या.

मीही बुडालो

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी शिकलेले आहेत. त्यांना कोण फसवणार?

ऐका. ही गोष्ट मी आजवर मोजक्या लोकांना सांगितली आहे.

सेवानिवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी मला फोन आला. समोरचा माणूस मोठा अदबीने बोलत होता. “सर, तुमचं पेन्शनचं खातं आज रात्री बंद होणार आहे. कागद अपुरे आहेत. घाबरू नका. मी इथून दुरुस्त करतो. तुमच्या मोबाइलवर एक सहा आकडी नंबर येईल. तेवढा सांगा.”

मी घाबरलो. पेन्शन बंद झाली तर घर कसे चालेल? नंबर आला. त्याच्या खाली लिहिले होते, हा आकडा कोणालाही सांगू नका. वाक्य इंग्रजीत होते. पण तेवढे इंग्रजी मला येते. मी ते वाक्य वाचले. आणि लगेच तो आकडा त्या माणसाला सांगितला.

क्षणात अडतीस हजार रुपये गेले.

मी हेडमास्तर. जन्मभर मुलांना सांगितले, प्रश्न आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी स्वतः काय केले? वाचले, पण वाचलेले मनात घेतले नाही. वडील अंगठ्याने बुडाले. मी जिभेने बुडालो. वडिलांना वाचता येत नव्हते, मला येत होते. फरक काय राहिला?

तेव्हा मला कळले, नुसती अक्षरओळख पुरत नाही. वाचल्यावर थांबता आले पाहिजे. चोर नेहमी घाई करतो. “आत्ता करा, नाही तर खाते बंद.” “आत्ता भरा, नाही तर पोलीस येतील.” खऱ्या कामाला एका रात्रीची घाई नसते. जो घाई करतो त्याला म्हणा, “थांब बाबा, मी घरात विचारतो.” आणि फोन ठेवून द्या.

दुसरी चूक मी त्याहून मोठी केली. लाजेने चार दिवस घरी सांगितले नाही. लोक काय म्हणतील? हेडमास्तर फसला म्हणतील. माझ्या या लाजेचा फायदा चोराला झाला. असे झाले तर लगेच १९३० या नंबरला फोन करायचा असतो. हा नंबर सगळ्या देशाला एकच आहे. लवकर कळवले तर पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. वहीत लिहून घ्या. एक, नऊ, तीन, शून्य.

आता तर यंत्र माणसाच्या आवाजाची नक्कल करते. पुण्याला असलेल्या मुलाच्या आवाजात फोन येईल, “आई, अपघात झालाय, पैसे पाठव.” आवाज तोच. बोलणे तसेच. अशा वेळी काय करायचे? फोन ठेवायचा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः फोन लावायचा. घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवा. म्हशीचे नाव ठेवा, नाही तर आजीचे माहेर. चोराला ते ठाऊक नसते.

सांगणारा यंत्र, पारखणारा माणूस

आबा म्हणतात, मोबाइलला विचारले की उत्तर मिळते. खरे आहे. उत्तर मिळते. पण बरोबर मिळते का?

यंत्राला लाज नसते. ठाऊक नसले तरी ते ठासून सांगते. आपल्या पारावरही असा एखादा असतोच की! त्याला काहीही विचारा, तो नाही म्हणत नाही. आपण त्याचे ऐकतो, पण शेतात करताना दुसऱ्याला विचारून करतो. यंत्राशीही तसेच वागावे.

२१ मार्च २०२४ ला सकाळी आपल्या जिल्ह्यात भूकंपाचा धक्का बसला. पुन्हा १० जुलैला बसला. भांडी वाजली. आपण लहान मुले उचलून अंगणात धावलो. आपल्या मनात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरणार नाही. म्हणून आपण फार भितो. त्या भीतीतच मोबाइलवर निरोप फिरू लागले. “आज रात्री अमुक वाजता मोठा भूकंप होणार. घरात झोपू नका.” मलाही असा निरोप आला.

मंडळी, भूकंप अमुक दिवशी अमुक वाजता होणार, हे आज जगात कोणालाही आधी सांगता येत नाही. शास्त्रज्ञालाही नाही. मग ज्याने वेळ सांगितली तो खोटा, हे उघड आहे. एवढे एक ज्ञान असले की रात्रीची झोप वाचते. निरोप आला की तीन गोष्टी विचारा. कोणी सांगितले? त्याला कसे कळले? आणखी कोण सांगते? तिन्हींचे उत्तर मिळेना, तर निरोप पुढे पाठवू नका. पुढे पाठवणाराही खोट्याचा वाटेकरी होतो.

आता औषधाचे बघा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. हातावर पोट असणारी माणसे होती ती. औषधाच्या डब्यावर चौकोन असतो, त्यात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे सर्वांत कमी. पण कमी म्हणजे बिनविषारी नव्हे. ही ओळख निरक्षरालाही होते. पण किती पाण्यात किती औषध, हे वाचावेच लागते.

समजा, डब्यावर लिहिले आहे, एकरी २०० लिटर पाण्यात १०० मिली औषध. म्हणजे एका लिटरला अर्धा मिली. आपला पंप १५ लिटरचा. मग एका पंपाला साडेसात मिली. दुकानदार म्हणेल, “झाकणभर टाका.” शेजारी म्हणेल, “दोन झाकणं टाकली तर कीड लवकर मरते.” मोबाइल तिसरेच काही सांगेल. तुम्ही कोणाचे ऐकणार? डब्यावरच्या अक्षरांचे ऐका. त्या अक्षरांवर जीव अवलंबून आहे. तो जीव दुकानदाराचा नव्हे, तुमचा आहे.

हिशेब कोणाला विकू नका

यंत्र हिशेब झटकन करते. पण कोणता हिशेब करायचा, हे माणसाला कळावे लागते.

मोबाइलवर झटपट कर्ज मिळते म्हणतात. समजा, पाच हजारांचे कर्ज घेतले. कापून हातात साडेतीन हजार आले. सात दिवसांनी पाच हजार परत करायचे. म्हणजे साडेतीन हजारांवर दीड हजार व्याज. शंभराला सुमारे त्रेचाळीस रुपये, आणि तेही एका आठवड्याचे! जुना सावकार शेकडा पाच महिन्याला घेई, तर आपण त्याला जळू म्हणत होतो. मग याला काय म्हणावे? मोबाइलने आकडा दाखवला पाच हजार. हातात किती आले आणि किती दिवसांसाठी आले, हा प्रश्न मात्र आपणच विचारायचा.

हळदीचेही तसेच. बाजारात हळद नेली की आधी काट्याकडे बघा. रिकामा काटा शून्य दाखवतो का? मग वजन लिहून घ्या. भाव लिहून घ्या. पट्टी हातात आली की गुणाकार घरी करून बघा. हमाली किती, तोलाई किती, कपात कशाची, हे विचारा. विचारले म्हणजे भांडलो असे नव्हे.

ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यात सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करायची. कुणी दुसऱ्याने करून दिली, तरी सातबारावर काय चढले ते स्वतः वाचा. शेतात हळद आणि कागदावर सोयाबीन, असे झाले तर नुकसान झाल्यावर रडून उपयोग नाही. जमिनीवरचे पीक सगळ्यांना दिसते. कागदावरचे पीक वाचणाऱ्यालाच दिसते.

हाताला कमी समजू नका

आता कुणी म्हणेल, मग काय, सगळे लिहिण्यावाचण्यातच आहे? हाताच्या कामाचे दिवस गेले?

मुळीच नाही.

आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे तिचे नाव दुसऱ्या कोणत्याही मालाला लावता येत नाही. ही हळद पूर्वी मोठ्या कढईत शिजवीत. दिवसभर जाळ, धूर, आणि माणसे घामाने ओली. आता वाफेवर शिजवतात. थोड्या जळणात, थोड्या वेळात काम होते. पण हळद शिजली की नाही, हे कसे ओळखतात? आजही जाणता माणूस कंद हातात घेतो आणि काडी टोचून बघतो. काडी सहज आत गेली तर शिजली. कच्ची राहिली तर नीट वाळत नाही. जास्त शिजली तर रंग आणि कस जातो. भाव पडतो. यंत्र बदलले, काडी तीच राहिली.

त्या वाफेच्या टाकीला एक झडप असते. दाब वाढला की ती वाफ सोडते. ती अडकली तर टाकी फुटते आणि माणूस भाजतो. झडप रोज तपासणारा हात आणि दाबाचा काटा वाचणारा डोळा, दोन्ही एकाच माणसाला हवेत. हात आणि अक्षर एकत्र आले म्हणजे कारागीर होतो. नुसता हात असला तर मजुरी मिळते. नुसते अक्षर असले तर कधी कधी माझ्यासारखे होते, मोटारीचा फ्यूज उडाला तरी दुसऱ्याला हाक मारावी लागते!

म्हणून मुलगा दहावीला कमी गुणांनी पास झाला, तर त्याला बोल लावू नका. आयटीआयला घाला. वीजकाम, जोडारी, वेल्डिंग, सौर पंपाची दुरुस्ती, जे आवडेल ते शिकू द्या. मुलीलाही घाला. सौर पंपावर उभा राहिलेला दुरुस्तीवाला पुरुष आहे की बाई, हे पंप विचारीत नाही.

दुधाळ्याचे मोठे यंत्र

आपल्याच औंढा तालुक्यात दुधाळा गाव आहे. तेथे एक फार मोठी प्रयोगशाळा उभी होत आहे. तिचे नाव लायगो. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. ११ मे २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. लोक मला विचारतात, गुरुजी, तेथे काय होणार? ऐका, मला समजले तेवढे सांगतो.

तळ्यात दगड टाकला की लाटा उठतात. तशा आकाशातही लाटा उठतात. खूप दूर दोन अजस्र, जड वस्तू एकमेकींवर आदळल्या की त्या लाटा निघतात आणि सगळीकडे पसरतात. आपल्यातूनही जातात. पण इतक्या हलक्या असतात की कुणाला कळत नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी पहिल्यांदा ही लाट पकडली. ती लाट निघाली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी!

हे यंत्र कसे? काटकोनात दोन लांब हात. प्रत्येक हात चार किलोमीटरचा. आत नळ. नळातली हवा काढून टाकलेली. एका ठिकाणाहून प्रकाशाचा किरण निघतो, दोन वाटांनी जातो, टोकाच्या आरशांवरून परत येतो. लाट आली की एक हात किंचित लांब होतो, दुसरा किंचित आखूड. किती किंचित? केसाचे लाख तुकडे केले तरी त्यातला एक तुकडा त्यापेक्षा फार फार मोठा. एवढा फरक मोजायचा.

अमेरिकेत दोन यंत्रे असताना आपल्याकडे कशाला? रानात हाक आली आणि एकाच माणसाने ऐकली, तर दिशा नीट कळत नाही. दूर दूर उभ्या असलेल्या तिघांनी ऐकली, तर जागा सापडते. म्हणून दुधाळ्याचा कान हवा.

आता विचार करा. या यंत्राला कोणकोण लागतात? मोठे शास्त्रज्ञ लागतात, हे तर झालेच. पण चार-चार किलोमीटरच्या नळांचे जोड झाळणारा माणूसही लागतो. त्या जोडात सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले तर हवा शिरेल आणि सगळे काम वाया जाईल. वीज सांभाळणारा लागतो. रोज नोंद करणारा लागतो. जे दिसले तेच लिहिणारा, न दिसलेले न लिहिणारा लागतो. शास्त्रज्ञांची एक सवय मला फार आवडते. लाट सापडली असे वाटले, तरी ते लगेच ओरडत नाहीत. आधी विचारतात, जवळून मालमोटार तर गेली नाही ना? वारा तर नव्हता ना? यंत्र तर चुकले नाही ना? २०१५ च्या सप्टेंबरात लाट सापडली, आणि जगाला सांगितले ते ११ फेब्रुवारी २०१६ ला. पाच महिने तपासत बसले!

एवढी मोठी माणसे पाच महिने तपासतात. आणि मी पाच मिनिटे थांबलो नाही. माझे अडतीस हजार तेथेच गेले.

त्या यंत्राने आपल्या किती मुलांना काम मिळेल, हे मी सांगू शकत नाही. मी कुणाला खोटी आशा दाखवणार नाही. पण ते यंत्र आपल्या तालुक्यात येत आहे, आणि आपली मुले कुंपणाबाहेरून बघत उभी राहू नयेत, एवढे मला वाटते. धरण आले तेव्हा आम्ही पाणी बघत राहिलो होतो.

शिकायची लाज नको

शेवटचे सांगतो. आज शिकलेले उद्या पुरेल, असा काळ राहिला नाही. माझ्या आजोबांना कचेरीत उर्दू अडवी. वडिलांना मराठी अडली. मला मोबाइल अडला. माझ्या नातवाला काय अडेल, ते आज कोण सांगणार? त्यावर उपाय एकच. अडले की विचारायचे, आणि विचारायची लाज धरायची नाही.

संत नामदेव आपल्या नर्सीचे. लोक त्यांना थोर मानत होते, तरी ते औंढ्याला विसोबा खेचरांपाशी शिष्य होऊन बसले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेवांना जी लाज वाटली नाही, ती आपल्याला का वाटावी? मी माझ्या दहा वर्षांच्या नातीकडून मोबाइल शिकतो. ती मला रागावते. म्हणते, “आजोबा, तिसऱ्यांदा सांगतेय!” मी जन्मभर मुलांना रागावलो, आता माझी पाळी.

आणि एकट्याने शिकू नका. ज्या घरात वाचणारा नाही, त्या घरात जा. निरोप आला तर पारावर वाचून दाखवा. कुणी फसला तर हसू नका. हसलात तर पुढचा फसलेला माणूस सांगणारच नाही, आणि चोर दुसऱ्या घरी जाईल.

तर आबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. मोबाइल वाचून दाखवतो, हे खरे. पण माझ्या वडिलांनाही एकाने कागद वाचून दाखवला होता. म्हणून तुम्ही जोडाक्षरे पुरी करा. हिशेब शिका. थांबायला शिका. विचारायला शिका. हातातली कला नातवाला द्या, आणि नातवाकडून मोबाइल घ्या.

परवा आजी मला म्हणाल्या, “गुरुजी, पाचशे रुपयांचं काही नाही हो. पण तो पोरगा आता मला बघितलं की आधी पावती काढतो.”

मंडळी, आपल्याला एवढेच करायचे आहे. अंगठा परत आला आहे. येऊ द्या. पण या वेळी अंगठ्याच्या मागे डोळे असले पाहिजेत.



विचार करा आणि लिहा

१. गुरुजींच्या वडिलांची जमीन कशी गेली?
२. आजींनी दुकानात कोणत्या तीन गोष्टी केल्या?
३. फोनवर फसवणूक झाली तर कोणत्या नंबरला कळवावे? तो नंबर अंकांत आणि अक्षरांत लिहा.
४. एका लिटर पाण्याला अर्धा मिली औषध लागते. तर १६ लिटरच्या पंपाला किती लागेल?
५. तुमच्या घरात अलीकडे कोणत्या कागदावर किंवा यंत्रावर अंगठा दिला? त्याची पावती आणा आणि वर्गात वाचून दाखवा.